अंगठ्याखालची माती

फॉल रिव्हर या गिरण्यांच्या गावातल्या बांधकामांवर इदालिना रेझेन्दिसला भीत नाही असा एकच ठेकेदार होता, आणि तो म्हणजे डिनीश आरुडा. बाकीच्यांचं काय सांगावं! तिची निळी गाडी फाटकातून आत आली की छपरावरची माणसं कमरेचे पट्टे चाचपू लागत, विजेवाले वायरी आवरायला धावत, आणि गिलावा करणारा तो धिप्पाड आयरिश तर एकदा तिला बघून शिडीवरून गपचूप उतरला आणि शिडीच बदलून आला. बाई जेमतेम पाच फूट. वय अठ्ठावन्न. आरडाओरडा नाही, धाकदपटशा नाही, आणि तरीही धटिंगण माणसं तिच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखी उभी राहत.

तीस वर्षं ती पडद्यांच्या गिरणीत कापड तपासायला होती. कापड बोटांखालून सरसर सरकायचं, तिचे डोळे खिडकीबाहेर असायचे, आणि तरी तुटलेला धागा नेमका तिच्या बोटाला अडायचा. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरीच्या बायका घरी बसल्या. ही पन्नाशीला टेकलेली बाई संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसली आणि बांधकामावरच्या सुरक्षेची परीक्षा पास झाली. आता मोठे बिल्डर आपल्या हाताखालच्या छोट्या ठेकेदारांचं काम तपासायला तिला बोलावत: छप्परवाले, विजेवाले, नळवाले, खोदाईवाले, सगळे. नजरेवर तिचा फारसा विश्वास नव्हता. वायर असली तर ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून ओढायची, पट्टा असला तर शिवणीवरून नख फिरवायची. आणि कागदावर आधी चांगलं ते लिहायची. पाच चांगल्या गोष्टी लिहून झाल्यावर सहावी वाईट निघाली की माणसाला भांडायला तोंड राहत नसे.

डिनीशला तिची भीती नव्हती याला कारण होतं. तो सांडपाण्याच्या पाइपांसाठी खोदाई करणारा ठेकेदार, वय एकसष्ट, आणि चौतीस वर्षांत त्याच्या एकाही माणसावर माती कोसळली नव्हती. खोदाईच्या धंद्यात हे खायचं काम नाही. घागरभर माती पायावर पडली तर माणूस हसतो. गाडीभर छातीवर पडली की त्याला हसायला वेळ मिळत नाही. म्हणून कायदा असा की माणूस खड्ड्यात उतरायच्या आधी एका जाणकाराने माती तपासायची, प्रत ठरवायची आणि रोजच्या कागदावर आपलं नाव घालून सही करायची. कायद्यातला शब्दच तो, 'जाणकार'. जाणकाराने 'बाहेर' म्हटलं की बाहेर.

माती तपासायची सगळ्यात जुनी आणि सोपी तऱ्हा म्हणजे अंगठा. नुकतं उपसलेलं ढेकूळ घ्यायचं आणि दाबायचं. अंगठ्याचा नुसता ठसा उमटला तर माती पहिल्या प्रतीची. नखापर्यंत गेला तर दुसऱ्या. आणि पेरभर सहज रुतला तर तिसऱ्या. तिथे कडांना लांबलचक उतार द्यायचा, नाहीतर दोन्ही बाजूंना पोलादी भिंती असलेली पेटी खाली उतरवायची आणि तिच्या आत काम करायचं. डिनीशच्या अंगठ्याची कीर्ती अशी की दुसरे खोदाईवालेसुद्धा त्याला फोन करून बोलावत. अझोरेस बेटांवरून आलेल्या मंडळींच्या क्लबात तर म्हणच पडली होती की गावात तिघांचा शब्द शेवटचा: पापाबद्दल फादरचा, सुपाबद्दल ओदेतचा आणि मातीबद्दल ओदेतच्या नवऱ्याचा. ओदेत म्हणजे डिनीशची बायको.

एवढं सगळं खरं होतं. फक्त दोन वर्षांपासून डिनीशचा तो अंगठा मेलेला होता, आणि ही गोष्ट डिनीशखेरीज कुणालाच माहीत नव्हती.

एकदा तो घरी शोरीसू सॉसेज परतत होता. करपल्याचा वास आला म्हणून त्याने तव्यात पाहिलं, तर सॉसेज ठीक होतं, तव्याच्या काठाला टेकलेला अंगठा करपत होता. ओदेतला त्याने सांगितलं, लक्ष नव्हतं माझं. चाळीस वर्षं दगड फोडायचा ब्रेकर धरलेल्या हाताचं हेच होतं हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या बापाचेही हात असेच गेले होते. पण बाप जाणकार नव्हता, हमाल होता. हमालाचा अंगठा गेला तर गेला. डिनीशकडे अंगठ्याशिवाय दुसरं होतं काय?

मे महिन्यातला बुधवार. नदीकडच्या उतारावर नव्या घरांसाठी पाइप टाकायचं काम चाललं होतं. खड्डा दीड पुरुष खोल, कडा मध्यम उताराच्या. पोकलेनवर नोएमिया काब्राल होती, चौतीस वर्षांची, मोजकं बोलणारी. पोकलेनच्या बादलीने ती अंडं उचलून ठेवेल असं लोक म्हणत. खाली खड्ड्यात पाइप जोडत होता ग्वाल्तेर. तो ओदेतचा धाकटा भाऊ. तोंडाने जेवढा चालू, हाताने तेवढाच सफाईदार.

निळी गाडी आत आली.

"आली बघ बाईसाहेब," डिनीश म्हणाला. "ग्वाल्तेर, हेल्मेट नीट घाल, नाहीतर रविवारी चर्चमध्येपण नोटीस देईल."

"ती तशीही देते, दाजी!" खालून आवाज आला. "गेल्या रविवारी मला म्हणाली, तुझ्या मेणबत्तीला बुड नाही."

"नव्हतंच," इदालिना गाडीचं दार लावत म्हणाली. "पुढच्या बाईच्या केसांपासून जेमतेम वीतभर लांब होती ती. काय रे डिनीश, बरा आहेस?"

"तू यायच्या आधी बरा होतो."

ती हसली आणि कामाला लागली. उपसलेल्या मातीचा ढिगारा कडेपासून किती लांब आहे ते तिने आपल्याच पावलांनी मोजलं. शिडी हलवून पाहिली. रस्त्याकडच्या कठड्यावर हात फिरवला. एकेक गोष्ट कागदावर लिहीत ती मोठ्याने म्हणत होती, "ढिगारा लांब, छान. शिडी माणसाच्या हाताशी, छान. कठडा मजबूत." डिनीश मिशीतल्या मिशीत हसत कॉफी पीत होता. मग पोकलेनच्या बादलीतून तिने मुठीएवढं ढेकूळ घेतलं आणि अंगठा दाबला. अंगठा पेरापर्यंत आत गेला.

तिच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. ती खड्ड्याच्या कडेपासून दोन पावलं मागे थांबून म्हणाली, "ग्वाल्तेर, वर ये."

"जोड अर्धा झालाय, बाई."

"आधी वर, मग वाद."

ग्वाल्तेरने डिनीशकडे पाहिलं. हे पाहणं डिनीशच्या चांगलं ओळखीचं होतं. खाली उतरताना आणि वर येताना त्याची माणसं बापाकडे बघावं तशी त्याच्याकडे बघत, आणि त्याने मान हलवल्याशिवाय कुणी पाऊल उचलत नसे. त्याने वैतागून मान हलवली. ग्वाल्तेर शिडीने वर आला.

"आता बोल," डिनीश म्हणाला. "काय झालं?"

"सकाळी कुठली प्रत लिहिलीस?"

"दुसरी."

"दाब बघू."

डिनीशने तिच्याच हातातलं ढेकूळ घेऊन अंगठा दाबला. बरोबर नखापर्यंत गेला. त्याने ढेकूळ सगळ्यांना दाखवलं. "हे काय. दुसरी प्रत."

"माझा पेरभर गेला."

"तुझा अंगठा म्हणजे सुई आहे, बाई. सुई काय, फादरच्या मनातपण शिरेल."

ग्वाल्तेर खो खो हसला. इदालिनाही हसली, अगदी मनापासून. मग तिने नोएमियाला पोकलेनवरून खाली बोलावलं आणि त्याच ढेकळाची दुसरी बाजू पुढे केली. नोएमियाचा अंगठा चांगला जाडजूड. तो लोण्यात जावा तसा गेला, आणि ती मातीत रुतलेल्या स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"काका," ती एवढंच म्हणाली.

इदालिनाने खिशातून पेनाएवढं स्प्रिंगचं मापक काढलं, मातीत दाबलं आणि त्यावरचा आकडा फक्त डिनीशला दिसेल असा धरला. इतरांकडे तिने पाठ केली होती. तिसरी प्रत, त्यातही खालची. "खेळणं आहे ते," डिनीश म्हणाला, पण आवाज त्याच्या मनासारखा निघाला नाही. पेटी गावाबाहेरच्या त्याच्या आवारात पडून होती. ती मोठ्या ट्रकवर घालून आणायला त्याने तिथल्या ड्रायव्हरला फोन केला. यायला तीन वाजणार होते.

"तोवर तुझी फाइल दे," इदालिना म्हणाली. "दोन-तीन वर्षांची एकदम बघायची राहिलीय. ट्रक येईपर्यंत तू तरी काय करणार आहेस?"

उलटी बादली घेऊन ती त्याच्या रोजच्या कागदांवर बसली. म्हणजे बसली बादलीवर, पण बुडाली कागदांत. दर दिवसाचा एक कागद: तारीख, जागा, खोली, मातीची प्रत, जाणकाराची सही. असले कागद कुणी वाचत नाही. ते भरायचे असतात, टोचायचे असतात आणि उंदरांना द्यायचे असतात. ही बाई मात्र एकेक पान बोटाने सरकवत होती, आणि तिच्या बोटांची ती सरसर डिनीशला लांबूनही ऐकू येत होती. अर्ध्या तासाने तिने त्याला गाडीच्या पलीकडे बोलावलं, जिथून बाकीची मंडळी दिसत नव्हती.

"डिनीश, आपल्या गावची माती सुधारली का रे?"

"म्हणजे?"

"दोन वर्षांपूर्वी तुझ्या कागदांत दहांतले सात दिवस तिसरी प्रत. बरोबरच आहे. नदीचा गाळ आणि गिरण्यांचा राडारोडा, याच्यावरच तर वसलंय हे गाव. गेल्या वर्षी दहांतले चार दिवस. या वसंतात एकही नाही. गाव तेच, नदी तीच. मग बदललं काय?"

तिने त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि गिरणीत कापड चाचपायची तसा चाचपला. तळवा, बोटांची पेरं, अंगठ्यावरचा भाजल्याचा जुना डाग. डिनीश नदीकडे बघत होता.

"आत्ता मी काय करतेय?" तिने विचारलं.

"हात धरलायस. लोक बघतील, ओदेतला जाऊन सांगतील."

"खाली बघ."

त्याने पाहिलं. तिने त्याच्या अंगठ्यात आपलं नख रोवलं होतं. चांगलं खोल, लाल वळ उठेल इतकं. त्याला पत्ताही नव्हता.

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली." एवढे दिवस गिळलेलं वाक्य इतक्या सहज बाहेर पडेल असं त्याला वाटलं नव्हतं. "आधी मुंग्या यायच्या. मग मुंग्यापण गेल्या. पण मी डोळ्यांनी बघतो ना, इदालिना. अंगठा किती आत गेला ते दिसतं."

"किती गेला ते दिसतं. किती जोराने दाबलास ते कुठे दिसतं? हातातला जोर गेलाय तुझ्या. जोर नसलेल्या अंगठ्याला सगळीच माती घट्ट लागते."

असं कधी त्याच्या मनातच आलं नव्हतं. दोन वर्षं तो अंगठ्याला जपत होता, आणि अंगठा त्याला रोज सकाळी, सगळं ठीक आहे, असं सांगत होता. त्याच्या घरात, त्याच्या माणसांत, त्याच्या शेजारी झोपणाऱ्या बायकोला जे कळलं नाही ते या बाईने उंदरांच्या कागदांतून अर्ध्या तासात बाहेर काढलं होतं. त्याला तिचा राग आला होता, भयंकर राग. आणि त्या रागातही मनात आलं, काय तपासते ही बाई! असं तपासणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही.

"माझ्या माणसांना काही झालं नाही," तो म्हणाला.

"नाही झालं. देवाची कृपा. पण देवाची सही मला या कागदावर चालत नाही."

"मग लिही! लिही की डिनीश आरुडा निकामी झाला. पुढच्या आठवड्यात पवित्र आत्म्याचा सण आहे. क्लबात सुपाच्या रांगेत उभा राहीन तेव्हा लोक मला वाढतील आणि मागे वळून हसतील. जाणकार म्हणे!"

"मी माणसावर शेरा मारत नसते," इदालिना शांतपणे म्हणाली आणि लिहिलेला कागद त्याच्यापुढे धरला. आधी पाच चांगल्या गोष्टी. मग सहावी: माती तिसऱ्या प्रतीची, उतार अपुरा, माणूस बाहेर काढला. त्याखाली एक ओळ रिकामी, आणि तिच्या सुरुवातीला एकच शब्द: दुरुस्ती. "ही ओळ मी कधीच भरत नाही. ती ठेकेदाराची. काय दुरुस्त केलंस ते तू लिहायचं. मी उद्या सकाळी सातला घेऊन जाईन."

"आणि मी फक्त 'पेटी बसवली' असं लिहिलं तर?"

"तर सातला आपलं पुन्हा बोलणं होईल. पण तू काय लिहितोस ते मला आधी बघायचंय." ती गाडीत बसली, काच खाली केली. "हात डॉक्टरला दाखव. आणि ओदेतला सांग. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, मग तुला माझ्या रिपोर्टची भीती म्हणून राहणार नाही."

दुपारभर डिनीश आपल्या छोट्या ट्रकच्या पायरीवर तो कागद मांडीवर घेऊन बसून होता. 'पेटी बसवली.' दोन शब्दांत काम होत होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. उद्या ती विचारेल. विचारू दे. मापक विकत घेऊ, खिशात ठेवू, कुणाचं लक्ष नसताना टोचून बघू. अंगठा दाबल्याचं नाटकही करता येईल. नाव तसंच राहील. एकसष्टाव्या वर्षी माणसाला आणखी किती वर्षं हवी असतात? चार. फार तर पाच.

तीन वाजता पेटी आली. नोएमियाने ती साखळ्यांनी उचलून खड्ड्यात अलगद बसवली. खड्डा अजून जसाच्या तसा उभा होता. ग्वाल्तेर कंबरेवर हात ठेवून कडेला उभा राहिला आणि जग जिंकल्यासारखा हसला.

"बघा दाजी! पाच तास झाले. ढेकूळ म्हणून पडलं नाही. उगाच बसवून ठेवलं बाईने. अहो, ती कापडवाली. तिला काय मातीतलं कळतं? माझं काय म्हणाल तर उद्यापण मी तुमच्या अंगठ्यावर डोळे मिटून उतरीन."

डिनीशने कडेपाशी जाऊन खाली पाहिलं. खड्डा कोसळला असता तर बरं झालं असतं, असंसुद्धा त्याच्या मनात येऊन गेलं. निदान मातीनेच सांगून टाकलं असतं. पण माती गप्प उभी होती, बायकोचा भाऊ डोळे मिटून उतरायला तयार होता, आणि सांगायचं काम त्याच्यावरच आलं होतं.

"ग्वाल्तेर," तो म्हणाला, "खड्डा उभा राहिला म्हणजे तो बरोबर होता असं नाही. तू क्लबातून तीन बाटल्या मारून गाडीने घरी नीट पोचतोस. म्हणून काय तुला गाडी नीट चालवता येते?"

नोएमिया फिसकन हसली.

"इकडे ये. अंगठा दे."

जेवणाच्या सुट्टीत अंगठे लढवायचा खेळ या मंडळींत जुना. चार बोटं एकमेकांत अडकवायची आणि समोरच्याचा अंगठा आपल्या अंगठ्याने दाबून आडवा करायचा. डिनीशला यात कधी कुणी हरवलं नव्हतं. दोन वर्षांपासून मात्र तो, पोरखेळ आहे, असं म्हणून टाळत आला होता. ग्वाल्तेरने आनंदाने बोटं अडकवली. "पुन्हा हरायची हौस आली वाटतं मला," असं म्हणत त्याने जोर लावला, आणि डिनीशचा अंगठा ओल्या चिंधीसारखा आडवा झाला.

"अहो दाजी, जोर लावा की!"

"लावतोय."

दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्या वेळी ग्वाल्तेरने जोर लावलाच नाही. त्याने डिनीशच्या चेहऱ्याकडे पाहिलं. डिनीशच्या कपाळावरची शीर फुगली होती, दात आवळले होते, आणि हातात काहीच येत नव्हतं.

"दोन वर्षं," डिनीश म्हणाला. "काही कळत नाही त्यात. दोन वर्षं मी तुम्हाला अंदाजाने खाली उतरवतोय."

मग ग्वाल्तेरने हात सोडवून घेतला. "मला?" तो म्हणाला. त्याचा आवाज चढत गेला. "मला उतरवलंत? माझ्या पोरीचं लग्न ठरवायला तुम्ही माझ्या घरी बसला होतात, दाजी, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला त्या खड्ड्यात..." हेल्मेट जमिनीवर आपटून तो ट्रकमध्ये जाऊन बसला आणि दार लावून घेतलं.

माफी मागायला डिनीश त्याच्यामागे गेला नाही. माफी देण्याइतका वेळ अजून झालेला नाही, हे त्यालाही कळत होतं. त्याने खिशातला कागद काढून उलट्या बादलीवर ठेवला आणि डाव्या हाताने उजवा हात धरून लिहिलं: 'पेटी बसवली. जाणकार बदलला. उद्यापासून नोएमिया काब्राल.'

"काका, मी?" नोएमियाने वाचून विचारलं.

"जाणकाराचा कोर्स केलास ना? कार्ड आहे ना?"

"कार्ड आहे हो. पण लोक तुम्हाला विचारतात. मला कोण विचारणार?"

"विचारायची वाट नसते बघायची," डिनीश म्हणाला. "सांगायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इदालिना आली तेव्हा तिघंही जागेवर होते, पण बोलत दोघंच होते. ग्वाल्तेर आला होता, डिनीशकडे न बघता त्याने नोएमियाला विचारलं होतं, "जाणकारबाई, उतरू का?" आणि तीही तितक्याच कोरडेपणाने म्हणाली होती, "अजून नाही." इदालिनाने गाडीला टेकून कागद वाचला. दोनदा वाचला. "अक्षर घाण आहे तुझं," ती डिनीशला म्हणाली. मग कागदाची घडी केली, आणि घडी करताना तिचा हात जरा जास्तच वेळ त्या कागदावर राहिला. "मी ही परीक्षा पास झाल्यापासून ही ओळ शेकडो जणांनी भरली आहे, डिनीश. कुणी शिडी लिहिली, कुणी दोर लिहिला, कुणी पट्टा. स्वतःचं नाव खोडून कुणी दिलं नव्हतं."

डिनीश, कामं पडलीत, असं म्हणत तिथून सटकला.

नोएमियाने खड्डा आठ फूट पुढे नेला होता. पेटी अजून मागच्या भागातच होती. नव्या भागाच्या तळाशी जुन्या पाइपाचं तोंड दिसत होतं, आणि चौतीस वर्षांची सवय ती. डिनीश शिडीने खाली उतरला, पेटीतून बाहेर पडून चार पावलं पुढे गेला आणि वाकून त्या पाइपाच्या तोंडाची भेग बघू लागला.

पोकलेनचं इंजिन बंद झालं.

"काका, वर या."

"भेग आहे इथे. दोन मिनिटं."

"वर या."

त्याने वर पाहिलं. नोएमिया केबिनमधून उतरून कडेपासून दोन पावलं मागे उभी होती, तिच्या हातात ढेकूळ होतं, आणि तिचा आवाज कापत होता. चौतीस वर्षांची बाई, आपल्या मालकाला, बापाच्या वयाच्या माणसाला, सगळ्यांसमोर खड्ड्यातून बाहेर काढत होती. ग्वाल्तेर ट्रकजवळ थांबला होता. इदालिना गाडीच्या दाराशी थांबली होती. ती मदतीला आली नाही. आपल्या बुटांकडे बघत राहिली.

डिनीशच्या तोंडात उत्तर तयार होतं. 'पोरी, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून मी खड्डे खणतोय.' ते ओठांपर्यंत आलं, आणि त्याला दिसलं की हे बोललो की संपलं. आपण इथे आणखी दोन मिनिटं उभं राहिलो तर कागदावरचं तिचं नाव नुसती शाई आहे. उद्या ग्वाल्तेर तिचं ऐकणार नाही, परवा आणखी कुणी ऐकणार नाही, आणि काल लिहिलेली ती ओळ म्हणजे आपण केलेलं आणखी एक नाटक. काल नाव देणं सोपं गेलं होतं. ते खरं तर आत्ता द्यायचं होतं.

तो मागे वळला, पेटीतून चालत शिडीपाशी आला आणि वर चढला. दुसऱ्या कुणाच्या शब्दावर खड्ड्यातून वर येण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. वर येऊन तो सरळ तिच्यापाशी गेला.

"चुकलो," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"पेटी पुढे सरकवल्याशिवाय कुणी आत जायचं नाही," नोएमिया म्हणाली. आवाज आता कापत नव्हता. "माती तिसरी."

"दाखव."

तिने ढेकूळ त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने सवयीने अंगठा टेकवला. खाली काहीच नव्हतं. माती नव्हती, ओल नव्हती. त्याने ढेकूळ तिला परत दिलं.

"तू दाब," तो म्हणाला. "आणि मला सांग. कशी लागते?"

नोएमियाने अंगठा दाबला. ती शब्द शोधत होती. असलं कुणी तिला कधी विचारलं नव्हतं. "वर जरा अडते," ती हळूहळू म्हणाली. "वाटतं, घट्ट आहे. मग एकदम जाते. आत गार आहे, काका. कणकेत पाणी जास्त झाल्यावर बोटाला लागतं ना, तशी. आणि मधेच एक कण, बारीक, रेतीचा."

डिनीश तिच्या अंगठ्याकडे बघत होता.

"हो," तो म्हणाला. "अशीच लागायची."